कॅनिस्टरची सर्व्हिसिंग मला ८,५५० रुपयांना पडली

८,५५० रुपये गेले. आकडा इथे खरा सांगतोय, घरी अजून ५,००० च सांगितलाय.

मुलुंडला आमच्याकडे माशांची तीन फुटी टँक आहे, खाली कपाटात कॅनिस्टर, म्हणजे टँकचं पाणी गाळणारा डब्यासारखा फिल्टर. अकरा वर्षं मासे पाळतोय, फिल्टर मीच धुतो. पण त्या आठवड्यात कंबर धरलेली, दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला लग्न, आणि आउटलेटमधून करंगळीएवढी धार. सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या नंबरवर फोन केला. ८०० रुपये ठरले. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.

माणूस गोडबोल्या. "काका, तुम्ही बसा." व्हॉल्व्ह बंद करून डबा बाथरूममध्ये नेला. मी चहा टाकायला गेलो, जेमतेम पाच मिनिटं. (बाथरूमच्या दारात उभे राहा. चहा गेला खड्ड्यात.) आलो तर याच्या तळहातावर तुटका सिरॅमिक शाफ्ट, म्हणजे पाणी ढकलणारा छोटा पंखा (इंपेलर) ज्यावर फिरतो ती दांडी. "गेला काका. इंपेलर घासलाय, मोटरपण गरम होते."

तो शाफ्ट कोरडा होता. खडखडीत कोरडा, पांढरा. दोन महिने पाण्यात फिरलेल्या इंपेलरवर तपकिरी बुळबुळीत थर असतो. दर वेळी जुन्या टूथब्रशने मीच तो काढतो. आत्ता उघडलेल्या फिल्टरमधला शाफ्ट कोरडा कसा? हे डोळ्यांनी पाहिलं आणि तोंडातून निघालं काय, तर "साखर किती?"

इंपेलर १,८५०. 'इम्पोर्टेड' मीडिया, म्हणजे डब्यात भरायचे स्पंज-रिंगा वगैरे, २,४००. मोटर हेड, म्हणजे फिल्टरचा मोटर असलेला वरचा भाग, दुरुस्तीला नेतो म्हणून ॲडव्हान्स ३,५००. क्यूआरवर नाव भलत्याच बाईचं, "मिसेसचं खातं आहे." माझं हेड घेऊन गेला, तोवर चालवा म्हणून कुठलंतरी जुनं बसवलं. हेडवरच्या नंबराचा फोटो काढून ठेवा, माझ्याकडे नाही. बिलही नाही.

खरी वाट लावली ती मीडियाची. स्पंज नळाखाली धुतले, जुन्या रिंगा कचऱ्यात. अमोनिया खाणारे जिवाणू त्यातच राहतात, नळाच्या क्लोरीनने मरतात. मीडिया टँकमधून काढलेल्या पाण्यातच खळबळायचा, सगळा एकदम बदलायचा नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवतो! रत्नागिरीहून परतलो तर मासे वर येऊन तोंडं उघडतायत, दोन एंजल तळाशी. याचा फोन बंद.

पोलीस स्टेशनात पहिला प्रश्न, "मासे मेले त्याची तक्रार?" दोघे हसले. ऑनलाइन पैसे म्हणून सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता, म्हणजे लोकल मॅटर. परत आलो तर "काका, स्कॅन तुम्हीच केलंत ना? मग दिवाणी होतं." तीन खेपा, एक साधा अर्ज, त्यावर शिक्कासुद्धा मागून घ्यावा लागला. बँकेने तीन वेळा तक्रार 'क्लोज' केली: व्यवहार ग्राहकाने स्वतः केला आहे. अहो, स्वतः केला म्हणूनच फसवणूक म्हणतात, नाहीतर चोरी म्हटलं असतं! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी चौथ्या दिवशी फोन केला. तुम्ही पहिल्या तासात करा.

रविवारी कुर्ल्याच्या मासेबाजारात तो तुटका शाफ्ट दाखवला. दुकानदाराने दोन तुकडे जोडून माझ्या मॉडेलच्या शाफ्टशेजारी धरले. नखभर आखूड. माझ्या फिल्टरचा तो नव्हताच.

सोमवारी तुकडे कागदात बांधून पुन्हा पोलीस स्टेशनला गेलो. साहेब रजेवर होते.