गिनीपिगचं बेडिंग: डोंबिवलीच्या दमट हवेतले दहा महिने

संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या घरी दोन गिनीपिग आल्या. ओळखीतल्या एका ताईंची बदली झाली आणि नव्या ठिकाणी त्यांना प्राणी नेता येत नव्हते. लेकीने त्याच संध्याकाळी बारसं उरकलं: काळी-पांढरी ती तिळी, तांबूस ती गुळी. दोघींचं खाणं, व्हिटॅमिन सी, पिंजऱ्याचा आकार हे सगळं ताईंनी नीट समजावलं होतं. खाली काय अंथरायचं, एवढंच विचारायचं राहिलं. पुढचे दहा महिने सगळ्यात जास्त डोकं त्यातच गेलं.

आमचा पिंजरा म्हणजे जाळीचे चौकोन जोडून केलेलं ४ फूट बाय २ फुटांचं कुंपण, तळाला सनपॅक, म्हणजे पन्हळी प्लास्टिकची शीट. पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रं घातली. ती तासाभरात ओली होतात आणि ओलावा वरच राहतो. कोरडी असली तरी त्यावर त्यांचे पाय घसरतात. दोनच दिवसांत तिळीच्या पांढऱ्या पायांवर पिवळा डाग पडला. अडीअडचणीला एक रात्र काढायला वर्तमानपत्र ठीक आहे, त्याहून जास्त नाही.

मग आमच्या मागच्या गल्लीतल्या सुताराकडून भुसा आणला. पोतंभर, फुकट. ही माझी सर्वांत मोठी चूक होती आणि ती कुणी करू नये म्हणून सविस्तर सांगते. चौथ्या दिवशी तिळी शिंकायला लागली. गिनीपिग अधूनमधून शिंकतात, आणि तोंड धुताना डोळ्यांतून दुधासारखा पांढरा द्रव काढून तो अंगाला चोळतात. ते नैसर्गिक आहे. पण हिच्या डोळ्याच्या कडेला चिकट पापुद्रा धरला होता आणि श्वास घेताना बारीक खरखर ऐकू येत होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खाली काय घालता?" मी पिशवीतून नेलेला भुसा त्यांनी तळहातावर घेऊन फुंकला, तर निम्मा धूर होऊन उडाला. हल्ली सुताराकडचा भुसा बहुतेक प्लायवूड आणि एमडीएफचा (लाकडाच्या भुकटीच्या दाबलेल्या फळ्यांचा) असतो. त्यात फॉर्मल्डिहाइड या त्रासदायक रसायनावर आधारलेला गोंद असतो, आणि हा भुसा पिठाइतका बारीक असतो. वखारीतला भुसाही कुठल्या लाकडाचा आणि कसल्या औषधात बुडवलेला, हे सांगता येत नाही. तिळी दहा दिवसांच्या औषधाने बरी झाली. इथेच एक सांगून ठेवते: घरातलं अमॉक्सिसिलिन वगैरे चुकूनही देऊ नका. पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

नणंदेने कुडाळहून मोठ्या प्रेमाने भाताच्या तुसाची गोणी आणि पेंढा पाठवला. तूस पाणी शोषत नाही, लघवी सरळ तळाला जाऊन साचते. शिवाय टोकं टोचरी असतात, ती गुळीच्या लांब केसांत अडकायची. पेंढा दिसायला छान, पण त्याच्या ताठ काड्या डोळ्यांत जाण्याची भीती. दोन्ही शेवटी कुंड्यांत गेलं. कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुगा) एकदा आणलं होतं: कोरडं असताना धूळ, ओलं झालं की अंगाला चिकटतं.

फेब्रुवारीच्या शेवटी फ्लीसवर, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडावर आलो आणि तिथून खरी सुरुवात झाली. सगळ्यात खाली बाळांसाठी वापरतात ती ड्राय शीट, त्यावर जुना टॉवेल, त्यावर फ्लीसचं पातळ ब्लँकेट. फ्लीसमधून ओलावा खाली झिरपतो आणि टॉवेल तो धरून ठेवतो, त्यामुळे वरचा थर कोरडा राहतो. पण नवं फ्लीस पाणी पीत नाही, त्यावर थेंब मोत्यासारखे उभे राहतात. चार वेळा धुतल्यावर चमचाभर पाणी ओतून पाहिलं, तेव्हा कुठे ते खाली गेलं. कपडे मऊ करणारं लिक्विड अजिबात घालायचं नाही, त्याने फ्लीसवर थर बसतो आणि पुन्हा पाणी वर थांबतं. मी थोडी साबण पावडर आणि अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालते. त्यांच्या लघवीत कॅल्शियम असतं, त्याचे पांढरे डाग सनपॅकवर बसतात, तेही व्हिनेगरनेच निघतात.

केसांचा प्रश्न मोठा होता. पहिल्याच महिन्यात वॉशिंग मशीनची जाळी केस आणि गवताने तुंबली. आता आधी बाल्कनीत झटकते, कडक ब्रश मारते, आणि मग सगळं उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधून मशीनला लावते. रोज सकाळ-संध्याकाळ छोट्या सुपलीत लेंड्या भरायच्या. त्या कोरड्या आणि वास नसलेल्या असतात, थेट कढीपत्त्याच्या कुंडीत टाकते. झाड यंदा अंगभर पालवलं आहे.

मार्च ते मे ही व्यवस्था उत्तम चालली. दोघी फ्लीसवर पाय पसरून आडव्या व्हायच्या, मध्येच टणाटण उड्या मारायच्या. मला वाटलं, झालं, आता काही बघायला नको.

जूनमध्ये पाऊस लागला. बाल्कनीच्या ग्रिलला घातलेलं ब्लँकेट दुसऱ्या दिवशीही दमट, टॉवेल तर तिसऱ्या दिवशी. कुबट वास यायला लागला. मी आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवून, थोडं दमट असलं तरी घालत होते, कारण दुसरा संच धुण्यात असायचा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नखं कापायला गुळीला मांडीवर उताणी घेतली आणि मागच्या उजव्या पायाची टाच दिसली. एरवी गुलाबी असते, ती लालभडक होती, त्वचा ताणलेली, चकचकीत. बोट लावताच तिने पाय ओढून घेतला. हे लिहिताना आजही माझ्या पोटात कालवतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. याला बम्बलफूट म्हणतात. ओल्या किंवा खरखरीत जागेवर सतत बसल्याने तळपायाची त्वचा फाटते, जंतू आत शिरतात, आणि पुढे ते हाडापर्यंत जाऊ शकतं. गिनीपिगच्या तळपायाला केस नसतात. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, थंड आणि कोरड्या हवेचा प्राणी. जुलैतली डोंबिवली त्याच्यासाठी फार परकी आहे, आणि ते सांभाळणं आपलंच काम आहे.

तेव्हा सगळी रचना बदलली. गिनीपिग खाता खाता सर्वांत जास्त घाण करतात, म्हणून खायचं गवत ठेवतो त्या जाळीखाली एक उथळ ट्रे ठेवला आणि त्यात कागदी पेलेट्स, साधारण दोन बोटं जाडीच्या थरात. टाकाऊ कागदाच्या लगद्याच्या या गोळ्या लघवी पिऊन फुगतात आणि विस्कटतात, त्यामुळे ओली जागा लगेच कळते, तेवढीच उचलायची. नुसत्या पेलेट्स पायाला कडक लागतात, म्हणून वर मऊ गवताचा थर हवाच. पिशवीच्या तळाशी भुकटी जमते, मी शेवटचा भाग पिठाच्या जुन्या चाळणीने चाळून घेते. मांजरांसाठीच्या पाइनच्या पेलेट्सही एक पिशवी वापरल्या. शोषण चांगलं, पण भिजल्या की पुन्हा भुसाच होतो, आणि तिळीच्या त्या आजारपणानंतर माझी हिंमत होईना. मांजरांच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ती मातीची, गोळा होणारी 'लिटर' मात्र कधीच नको. ती पोटात गेली तर फुगते.

टॉवेल पूर्ण काढला. मोठं ब्लँकेट कापून एकेक फुटाचे बारा चौकोन केले. फ्लीस कापलं तरी धागे सुटत नाहीत, शिवायची गरज नाही. झोपायच्या कोपऱ्यांत हे तुकडे, दिवसातून दोनदा बदलायचे. छोटा तुकडा पंख्याखाली रात्रभरात खडखडीत वाळतो. मला विचाराल तर दहा महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडली ती ही गोष्ट. गुळीची टाच तीन आठवड्यांत पुन्हा गुलाबी झाली. पावसाळ्यात रोज दोघींचा मागचा भागही उलटून पाहायचे, कारण ओल्या केसांवर माशी अंडी घालते.

वासाबद्दल एक सांगते. खोलीत उभं राहून वास येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं मानू नका. लघवीतल्या युरियापासून जीवाणू अमोनिया तयार करतात, आणि त्यांचं नाक जमिनीपासून दोन-तीन बोटांवर असतं. मी रोज सकाळी गुडघ्यांवर बसून तोंड पिंजऱ्यात खाली नेते. डोळ्यांना जराही चुरचुरलं की सगळं बदलते. सुगंधी बेडिंग घेऊ नका, त्याने वास झाकला जातो आणि त्यांच्या श्वासाला त्रास होतो. देवदारासारखं तेलकट, वासाचं लाकूडही नको.

भाच्याच्या हॅमस्टरसाठी हेच करू का, असं वहिनीने विचारलं. हॅमस्टर बिळं खणतो, त्याला किमान वीतभर खोल कागदी बेडिंग लागतं. फ्लीस तो कुरतडेल. आणि कापसासारखं मऊ 'घरटं' म्हणून मिळतं ते तर मुळीच नको, त्याचे तंतू पायाला गुंडाळले जातात, गालाच्या पिशवीत अडकतात.

खर्च महिन्याला साधारण साडेपाचशे रुपये येतो, त्यातला बहुतेक पेलेट्सचा. फ्लीसचे बारा तुकडे अजून चांगले आहेत. ड्राय शीटचा खालचा रबरी थर मात्र आठव्या महिन्यात कोपऱ्यात तडकला. मी ती गरम पाण्यात धूत होते, ते चुकलं असावं. दिवाळीनंतर दोन नव्या आणल्या आहेत, त्या थंड पाण्यात धुते आणि सावलीत वाळवते.