दिवेआगरच्या वाडीतलं कॉटेज: दिवाळीपासून आषाढापर्यंतचा अनुभव

दिवाळी झाल्यावर आम्ही हे कॉटेज महिन्याच्या भाड्याने घेतलं आणि आषाढात सोडलं. खोल्या स्वच्छ, इंटरनेट कामापुरतं; त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं नाही. खरा मोबदला मिळतो तो भोवतीच्या बागेत.

ही शोभेची बाग नाही, कमावती वाडी आहे. नऊ-नऊ फुटांवर पोफळी (सुपारीची झाडं), मधून केळी, पोफळींवर मिरीचे वेल आणि सावलीला जायफळं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या झोपवल्या, त्यात हीसुद्धा गेली. पोफळीला फळ धरायलाच सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे अर्धी वाडी अजून वयात यायची आहे. माडांची सावली गेली की दुपारचं ऊन कोवळ्या पोफळींच्या खोडावर पडतं, खोड भाजतं आणि तडकतं. म्हणून वाडीवाल्या काकांनी पश्चिमेच्या अंगाला केळी दाट लावल्यात. गर्द सावलीची अपेक्षा ठेवून येऊ नका. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर बसवत नाही.

हिवाळा मात्र फार सुंदर. अंगणभर रोठा जातीची सुपारी वाळत असते (नीट वाळायला दीडेक महिना लागतो), तिच्यातून वाट काढत घरात शिरायचं. सकाळी शिंपण सुरू झालं की पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात जातं, आणि आमची मुलं पाटात पाय सोडून बसायची. पंपाचा आवाज पहाटेच होतो, हलकी झोप असेल तर मागची खोली मागा.

एक गोष्ट मनापासून खटकली. दर्शनी भागात पाहुण्यांसाठी लॉन केलंय. समुद्राजवळची विहीर जास्त उपसली की पाणी मचूळ होतं, आणि भर मे महिन्यात ते पाणी गवताला घालताना बघवत नाही. तिथे सोनचाफा, अनंत, बकुळ लावा, असं काकांना सांगून आलोय. काकूंना पटलंय.

पावसाच्या तोंडावर पोफळींवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारतात, फळं सडवणारा कोळे रोग लागू नये म्हणून. त्या दिवशी कपडे बाहेर वाळत घालू नका. माडाखाली खाट टाकू नका, गाडीही लावू नका. झोपाळा जायफळांमध्ये बांधलाय, तीच जागा चांगली.

जमलं तर पाऊस लागल्यावरही राहा. जायफळ पिकून उकलतं आणि आतली लालभडक जायपत्री दिसते. पायरीजवळच्या झाडाला फळ का नाही, असं मी विचारलं, तर तो नर निघाला. जायफळात नर-मादी झाडं वेगळी. नर थोडेच ठेवतात, पण परागीकरणासाठी ठेवावेच लागतात. फळाच्या सालीचं लोणचं काकू घालतात. निघताना एक बरणी मागून घ्या, विकत देतात.