सोसायटीचा कॅमेरा: अखंड रेकॉर्डिंग की हालचाल दिसली तरच?

चार कॅमेरे, एक डीव्हीआर (चित्रण साठवणारा रेकॉर्डर), १ टीबीची हार्ड डिस्क. लहान सोसायटीत बहुधा एवढंच असतं. प्रत्येक कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट डेटा) ठेवला, तर दिवसाला साधारण २१.६ जीबी लागतात. चौघांचे मिळून ८६. म्हणजे अखंड रेकॉर्डिंगमध्ये अकरा-साडेअकरा दिवसांत जुनं चित्रण पुसलं जाऊ लागतं. सुट्टीत गावी गेलेलं कुटुंब पंधरा दिवसांनी परततं, आणि घर पहिल्या दोन-तीन दिवसांतच फोडलं असेल, तर त्या रात्रीचं काहीच हाती लागत नाही.

मोशन डिटेक्शनवर, म्हणजे हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग केलं, तर हीच डिस्क कितीतरी जास्त दिवस पुरते, शोधायलाही सोपं जातं. पण त्याला मेहनत लागते. आधी चौकटीतून झाडाची फांदी, रस्ता आणि फडकणारे कपडे वगळा. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, कोळी काचेसमोर जाळं विणतो, पावसाच्या धाराही चमकतात; या सगळ्याला कॅमेरा हालचालच समजतो. वैतागून संवेदनशीलता फार कमी केली, तर लांबून सावकाश चालत आलेला माणूस निसटतो. प्री-रेकॉर्ड, म्हणजे हालचाल टिपण्याआधीचं चित्रण, किमान ५ सेकंद ठेवाच, नाहीतर चित्रण सुरू होईपर्यंत माणूस पाठमोरा झालेला असतो.

माझं स्पष्ट मत: गेट आणि पार्किंगला २४ तास अखंड. गच्चीला किंवा मागच्या भिंतीला फक्त मोशन. जिन्यात दिवसा मोशन, रात्री ११ ते ५ अखंड. वेळापत्रकात हे प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळं लावता येतं. आणि डीव्हीआरचं घड्याळ तपासा. वेळच चुकीची असेल, तर सगळं वेळापत्रक सरकतं.