रिव्हर्स टाकताना करर्र आवाज, आणि 18,500 रुपयांचं खोटं बिल

आधी गॅरेजच्या बिलातले आकडे सांगते, कारण ते पाठ झालेत. रिव्हर्स सिंक्रो रिंग 2,850 रुपये, रिव्हर्स गिअर सेट 6,400, गिअर ऑइल 1,250, मजुरी 8,000. एकूण 18,500. त्यातले 10,000 ॲडव्हान्स म्हणून ऑनलाइन, उरलेले 8,500 गाडी नेताना रोख. यातलं एकही काम माझ्या गाडीत झालेलं नाही. खरा बिघाड क्लच केबलचा होता. केबल 480, मजुरी 300. एवढ्यातच गाडी नीट झाली.

गाडी जुनी ऑल्टो, केबलचा क्लच. पार्किंगमधून बाहेर काढताना रिव्हर्स टाकला की करर्र करून दात घासल्यासारखा आवाज यायचा, बाकी गिअर ठीक. सकाळी थंड गाडीत पहिला गिअरही जरा अडायचा. रत्नागिरीला लग्नाला जायचं होतं, आंब्याचा घाट उतरायचा होता, म्हणून हायवेलगतच्या एका मोठ्या, चकचकीत गॅरेजमध्ये गाडी नेली. कोल्हापुरात गॅरेजांना तोटा नाही. तिथे गेले कारण काउंटर होता, जॉब कार्ड होतं, बसायला खुर्च्या होत्या.

तिथल्या माणसाने गाडी चालू केली, क्लच दाबला न दाबला तोच खाडकन रिव्हर्स टाकला. करर्र. "ऐकलंत मॅडम? आतले दात गेले. घाटात जाम झाला तर गाडी उभी राहील." मग गाडी थोडी मागे घेतली आणि रिव्हर्समध्ये येणारा हूंऽऽ आवाजही बिघाड म्हणून ऐकवला. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात, त्यामुळे तो आवाज येतोच. ते मला तेव्हा कोण सांगणार?

आणि मग तो क्षण. पोऱ्या एक ट्रे घेऊन आला. काळं ऑइल, त्यात चमकणारा लोखंडाचा चुरा. "हा बघा तुमच्या गिअरबॉक्समधला माल." माझी गाडी तेव्हा चारही चाकांवर जमिनीवर उभी होती. जॅक नाही, रॅम्प नाही, ड्रेन बोल्टला पाना लागलेला नाही. ऑइल आलं कुठून? आजही रात्री जाग आली की तो ट्रेच डोळ्यासमोर येतो. पण चार माणसं भोवती उभी, प्रत्येकजण मान डोलावतोय, घाटाची भीती घातलेली, आणि मी काही विचारलं की "मॅडम, हे टेक्निकल आहे". मी हिशेबाच्या कामात आहे, बिलं रोज तपासते. आकडा फुगवला असता तर पकडला असता. न उघडलेल्या गिअरबॉक्सचा माल समोर आणून दाखवतील, हे कुणाच्या डोक्यात येतं?

गाडी परत मिळाली तेव्हा आवाज बंद होता. लग्न झालं, परत आलो, आणि थोड्याच दिवसांत करर्र पुन्हा सुरू. गॅरेजवाला म्हणाला, "आता क्लच प्लेट बदलावी लागेल, 7,500." तेव्हा मी गाडी तिथून काढली आणि उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी सगळ्यात आधी गाडी बंद केली. बंद गाडीत रिव्हर्स टाकला, आवाज न करता पडला. मग चालू केली, क्लच तळापर्यंत दाबून काही सेकंद थांबले आणि टाकला, तर करर्र. मग आधी दुसरा गिअर टाकून लगेच रिव्हर्स. गुपचूप पडला. "ताई, क्लच पूर्ण कट होत नाही, म्हणजे दाबला तरी इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण सुटत नाही. आतला शाफ्ट फिरतच राहतोय. पुढच्या गिअरना सिंक्रो रिंग असते, ती त्याला थांबवते. या गाडीत रिव्हर्सला रिंगच नसते."

मी बिल पुढे केलं. पहिलीच ओळ: रिव्हर्स सिंक्रो रिंग, 2,850 रुपये. जो पार्ट या गिअरबॉक्समध्ये असतच नाही, त्याचे पैसे.

गाडी वर घेतली. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर जुना चिखल वाळून बसलेला, एकाही बोल्टवर पान्याची ताजी खूण नाही. ऑइल काढलं तर जुनंच, काळं; ड्रेन बोल्टच्या चुंबकावर किरकोळ बारीक पावडर, एवढ्या चाललेल्या गाडीत असते तेवढीच. ताजी खूण फक्त क्लच केबलच्या नटावर होती. गॅरेजवाल्याने तो नट फिरवून केबल ताणली होती, म्हणून तात्पुरता आवाज थांबला. केबलच्या तारा आतून तुटत आल्या होत्या, त्या आणखी तुटल्या. हे सगळे फोटो मी काढून ठेवलेत.

तुम्ही गॅरेजला जाण्याआधी घरीच बंद गाडीत रिव्हर्स टाकून बघा. सहज पडला तर "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" म्हणणाऱ्याला आधी क्लच तपासायला लावा. रिव्हर्समध्ये चालताना गिअर आपोआप बाहेर पडत असेल किंवा खडखड येत असेल, तर गिअरबॉक्सची शंका घ्या.

पोलीस ठाण्यात गेले. अर्ज वाचायच्या आधीच उत्तर, "हा दिवाणी वाद आहे." खोटा माल दाखवून पैसे घेतले, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला 318 कलम आहे, असं म्हटलं तर साहेब म्हणाले, "मग वकील करा." अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून द्यायलाही तयार नव्हते. आरटीओमध्ये सांगितलं, खाजगी गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग येतं कुणाकडे? पाटी लावून, भर रस्त्यावर, लोकांच्या गाड्या उघडणाऱ्या माणसावर या शहरात कुणाचंच लक्ष नाही? 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथला मुलगा नीट बोलला, पण गॅरेजने उत्तर दिलं नाही आणि तक्रार बंद. उत्तर दिलं नाही म्हणून बंद! म्हणजे गप्प बसणाऱ्याचा फायदा. प्रत्येक टेबलावर मलाच विचारलं, "तुम्ही आधी बघितलं नाही का?" त्याला कुणी काही विचारलं नाही.

आणि बिल? छापील कागद, पण जीएसटी नंबर नाही. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले". काम सुरू होण्याआधीच जुने पार्ट परत हवेत असं जॉब कार्डवर लिहून घ्या. गिअरबॉक्स उतरवणार असतील तर उतरवताना समोर उभ्या राहा, नाहीतर व्हिडिओ मागा. रोख देऊ नका. माझे 10,000 खात्यावर दिसतात, 8,500 साठी फक्त तो कागद आहे.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतेय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मिस्त्रींनी पाहिलं ते लिहून, सही करून दिलंय. कोल्हापुरात कुणाकडे अशा छोट्या गाडीचं "रिव्हर्स सिंक्रो रिंग" लिहिलेलं बिल असेल तर ते फाडू नका. घटनेपासून 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते.