क्लाउडफ्लेअर टनेल आणि अ‍ॅक्सेस: कारखान्याचं ईआरपी बाहेरून वापरताना आलेला अनुभव

भोसरीतल्या आमच्या छोट्या इंजिनिअरिंग युनिटचं सगळं काम ईआरपीनेक्स्टवर चालतं, म्हणजे स्टॉक, खरेदी, हिशेब आणि पगार एकत्र सांभाळणाऱ्या (ईआरपी) सॉफ्टवेअरवर. सर्व्हर ऑफिसातच आहे, उबंटूवर. फिरतीवरच्या सेल्सवाल्यांना स्टॉक बघायचा असतो, सीएंना लेजर हवं असतं, मालक रात्री घरून परचेस ऑर्डर मंजूर करतात. पण ज्यात गिऱ्हाइकांचे दर आणि कामगारांचे पगार आहेत, त्या सिस्टिमचं लॉगिन पान जगासमोर मांडायला माझी अजिबात तयारी नव्हती. म्हणून क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीचं टनेल (बाहेरून सर्व्हरपर्यंत येण्याचा बंदिस्त मार्ग) आणि त्याच्यापुढे तिचंच अ‍ॅक्सेस (येणाऱ्याची ओळख तपासणारा पहारा) अशी जोडणी केली. काही महिने रोज वापरल्यावर मी ती मनापासून सुचवेन, मात्र दोन्ही मिळूनच. नुसतं टनेल नाही.

राउटरवर एकही पोर्ट (नेटवर्कचं क्रमांक दिलेलं दार) बाहेरच्यांसाठी उघडावा लागत नाही, हे टनेलचं खरं बळ. सर्व्हरवरचा 'क्लाउडफ्लेअरडी' हा छोटा प्रोग्राम आतून बाहेर, ७८४४ पोर्टवर, क्लाउडफ्लेअरच्या डेटा सेंटरांशी चार जोडण्या धरून ठेवतो आणि बाहेरच्या माणसाची रिक्वेस्ट त्यांच्यावरूनच आत येते. त्यामुळे स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा इंटरनेट पत्ता) लागत नाही, सीजीनॅटमागे असलात, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला असला, तरी अडत नाही. गुरुवारी वीज गेली आणि आम्ही फायबरवरून ४जी राउटरवर आलो, की आयपी बदलतो. टनेल आपलं आपण पुन्हा जोडलं जातं. फिरतीवरच्या माणसाला पत्ता बदलून द्यावा लागत नाही. २०२१ पासून हे मोफत आहे, फक्त स्वतःचं डोमेन हवं आणि त्याचे नेमसर्व्हर (डोमेन कुठे आहे हे सांगणारे सर्व्हर) क्लाउडफ्लेअरकडे वळवायला हवेत.

पण टनेलने पोर्ट लपतो, अ‍ॅप्लिकेशन लपत नाही. सबडोमेन (डोमेनखालचा ईआरपीचा पत्ता) ज्याला ठाऊक, त्याला लॉगिन पान दिसणारच. ते थांबवतं अ‍ॅक्सेस. आधी क्लाउडफ्लेअरचं पान येतं, तिथे ईमेल टाकायचा, आलेला कोड दहा मिनिटांत भरायचा, आणि मगच रिक्वेस्ट आमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचते. यादीत नसलेल्या ईमेलवर कोड जातच नाही. तरी पडद्यावर 'कोड पाठवला' असंच दिसतं, त्यामुळे यादीत कोण आहे याचा अंदाज बाहेरच्याला लागत नाही. पन्नास जणांपर्यंत पैसे पडत नाहीत. क्रम मात्र पाळा: आधी अ‍ॅक्सेसची पॉलिसी (कुणाला आत सोडायचं तो नियम), मग टनेलला सबडोमेन. उलटं केलंत तर मधला वेळ पान उघडं राहतं.

माणसांचं सोपं असतं, यंत्रांचं तेवढं नाही. आमची एक स्क्रिप्ट बाहेरून ईआरपीत नोंदी टाकते. तिला सर्व्हिस टोकन (माणसाच्या लॉगिनऐवजी यंत्राने रिक्वेस्टच्या हेडरमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीत, पाठवायची गुप्त किल्ली) दिलं, काम झालं. कुरिअरच्या वेबहुकला (त्यांच्या सिस्टिमकडून आपोआप येणाऱ्या निरोपाला) असा वेगळा हेडर पाठवता येत नाही. त्याच्यासाठी फक्त तेवढ्या एका पाथला बायपास (अ‍ॅक्सेसच्या तपासणीतून सूट) दिला आणि निरोपाची डिजिटल सही तपासण्याचं काम अ‍ॅप्लिकेशनकडे ठेवलं. पूर्ण सबडोमेनला बायपास देण्याचा मोह इथेच होतो. देऊ नका.

लॉगमध्ये सगळे जण एकाच आतल्या आयपीवरून आलेले दिसतात, कारण एनजिनएक्सशी (ईआरपीच्या पुढे बसलेल्या वेब सर्व्हरशी) बोलतो तो आपलाच क्लाउडफ्लेअरडी. खरा आयपी 'सीएफ-कनेक्टिंग-आयपी' या हेडरमध्ये असतो. तो एनजिनएक्सला वाचायला सांगितल्याशिवाय कोण कुठून आलं याचा माग लागत नाही. हे पहिल्याच दिवशी करून घ्या.

मर्यादाही आहेत. मोफत प्लॅनवर एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही, त्यामुळे मोठ्या ड्रॉइंगच्या झिप आम्ही वेगळ्या मार्गाने पाठवतो. वर्षभराचा स्टॉक लेजर काढताना सर्व्हरने उत्तर द्यायला फार वेळ घेतला तर ५२४ एरर येतो, म्हणजे क्लाउडफ्लेअर वाट बघणं सोडून देतं. ईआरपीनेक्स्टमधला प्रिपेअर्ड रिपोर्ट वापरला की तो मागे तयार होत राहतो आणि प्रश्न सुटतो. ऑफिसातल्या लोकांसाठी लोकल डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या ऑफिसातल्या यादीत) तेच नाव थेट सर्व्हरकडे वळवलंय. इंटरनेट गेलं तरी स्टोअर आणि अकाउंट्सचं काम थांबत नाही. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअरचं जाळं जगभर काही तास कोलमडलं होतं, आणि अ‍ॅक्सेसचं लॉगिनही त्यात अडकलं होतं. तेव्हा ही सोय चैन नाही, गरज आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट: एनक्रिप्शन क्लाउडफ्लेअरकडे उलगडतं आणि पुढे पुन्हा बांधलं जातं, म्हणजे मधल्या टप्प्यावर मजकूर त्यांना वाचता येतो. आमच्या इनव्हॉइससाठी मी हे स्वीकारलं. हॉस्पिटलच्या नोंदी असत्या तर भाड्याचा छोटा सर्व्हर आणि सगळ्या फोनवर वायरगार्डचं व्हीपीएन (दोन्ही टोकांमध्येच उलगडणारी खासगी जोडणी), असा जास्त मेहनतीचा मार्ग घेतला असता. एसएसएच, म्हणजे सर्व्हर दुरून चालवण्याचं कमांड लाइन लॉगिन, आजही मी वायरगार्डवरूनच वापरतो.

फारसं कुणी बोलत नाही असा धोका क्लाउडफ्लेअरच्या डॅशबोर्डचा, म्हणजे हे सगळं जिथून चालवतो त्या वेबपानाचा, आहे. टनेलच्या मशीनला आतल्या नेटवर्कवर जे जे दिसतं, ते सगळं डॅशबोर्डवरून दोन क्लिकमध्ये बाहेर काढता येतं: सीसीटीव्हीचा डीव्हीआर, प्रिंटर, बायोमेट्रिक मशीन, काहीही. म्हणजे डॅशबोर्डचं खातं हेच आता कारखान्याचं मुख्य फाटक. त्यावर हार्डवेअर की (लॉगिन करताना जोडावी लागणारी छोटी किल्ली) लावली आहे आणि खात्यात दोघांनाच प्रवेश आहे. टनेलचं टोकन (क्लाउडफ्लेअरडीला टनेलशी जोडणारी गुप्त किल्ली) कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जात नाही, कारण ते ज्याच्या हाती लागेल तो आमच्या टनेलच्या नावाने स्वतःचा कनेक्टर (क्लाउडफ्लेअरडीची वेगळी प्रत) चालवू शकतो. शिवाय क्लाउडफ्लेअरडी वेगळ्या व्हीएममध्ये (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये) ठेवून त्या व्हीएमला फायरवॉलने आतमध्ये ईआरपीचा एकच पोर्ट मोकळा ठेवलाय. उद्या डॅशबोर्डवर कुणी डीव्हीआरचा आयपी टाकला, तरी तिथून तिकडे पोहोचताच येणार नाही.