हजारपट मायक्रोस्कोप आणि त्याचा दीडदमडीचा स्टँड

परवा स्टँडचा मायक्रोस्कोप धरणारा प्लास्टिकचा चिमटा तुटला, म्हणून हे लिहायला बसले. मायक्रोस्कोप ठणठणीत आहे. तोच तो सगळीकडे मिळणारा यूएसबीवाला, तोंडाशी आठ एलईडी, वायरवर उजेड कमीजास्त करायचं चाक. गच्चीतल्या कुंड्यांवरच्या किडी बघायला गेल्या उन्हाळ्यात घेतला.

खोक्यावरच्या ‘1000एक्स’बद्दल आधी बोलून घेते. पूर्ण मोठं केल्यावर चौकटीत जेमतेम दोन मिलिमीटर जागा मावते. माझा चोवीस इंची मॉनिटर साधारण 53 सेंटीमीटर रुंद आहे. म्हणजे झाले 265 पट. हजारपट हवं असेल तर दोन मीटर रुंदीचा पडदा लावा. कुंडीतल्या किडींना एवढं पुरतं, त्यामुळे यावर माझी तक्रार नाही.

तक्रार स्टँडची आहे. फोकसची रिंग फिरवायला हात लावला की अख्खं धूड डोलतं, आणि दोन मिलिमीटरच्या चौकटीत केसभर हलणं म्हणजे मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) थेट पडद्याबाहेर. हात काढला की स्टँड हळूच खाली बसतो, म्हणजे फोकस पुन्हा गेला. वर फोटोचं बटण मायक्रोस्कोपवरच! ते दाबलं की फोटो हललाच म्हणून समजा. (फोटो कीबोर्डवरून काढा, बटणाला हात लावू नका.) कॅमेऱ्यावर एवढा खर्च करणाऱ्याला खाली चार स्क्रू नीट लावता येऊ नयेत? गच्चीत झाडावरच फोटो काढायचा विचार तर सोडूनच द्या. वाऱ्याची झुळूक आली की संपलं. पान तोडून आत आणायचं, काचेवर दुहेरी चिकटपट्टीने सपाट बसवायचं आणि श्वास रोखून बसायचं.

दोन तारे देऊन मोकळी होणार होते, पण मध्ये मिरची आली.

दोन कुंड्यांतल्या मिरच्यांवर बोकड्या, म्हणजे पानं आक्रसून वळण्याचा रोग, पडला. नर्सरीवाल्याने नेहमीप्रमाणे न बघताच एक बाटली पुढे केली. एका झाडाची पानं कडेने वर वळून होडीसारखी झालेली, दुसऱ्याची खाली दुमडलेली. दोन्ही पानं मायक्रोस्कोपखाली घेतली. पहिल्यावर पिवळसर, सडपातळ फुलकिडे शिरांच्या कडेने पळत होते. दुसऱ्यावर आधी काहीच दिसेना. मग पानाच्या मागे, शिरेच्या बेचक्यात, काचेसारखी लंबगोल अंडी दिसली आणि प्रत्येकावर पांढऱ्या उंचवट्यांच्या ओळी, कुणी बसून टिकल्या लावल्यासारख्या. ही पिवळ्या कोळ्याची खूण (जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे, पानांचा रस शोषणारा सूक्ष्म माइट). नुसत्या डोळ्यांनी हे दिसणं शक्यच नाही, अंडं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं. कोळी हा कीटकच नव्हे, त्यामुळे फुलकिड्यांच्या बऱ्याच औषधांना तो दाद देत नाही. एका कुंडीवर निंबोळी अर्क, दुसरीवर ऊन उतरल्यावर पाण्यात मिसळणारं गंधक. बाटलीचे पैसे वाचले, आणि त्या दिवशी तारे दोनाचे चार झाले.

फोटोंचं म्हणाल तर केसाळ, मऊ गोष्टी सुंदर येतात. जास्वंदीचे काटेरी परागकण, टोमॅटोच्या देठावरची लव, माव्याच्या पाठीमागच्या दोन नळ्या. चकचकीत पाठीचं काही आलं की पंचाईत. सहा ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) पाठीवर एलईडींचे आठ पांढरे ठिपके उमटतात, आणि किडा कुठला ते ओळखायला बसलेला माणूस चौदा मोजतो. दुधाच्या रिकाम्या पिशवीचा पांढरा तुकडा धुऊन, भोक पाडून एलईडींपुढे लावलाय, चकाकी निम्म्याने उतरली. पूर्ण घालवायची तर एलईडी बंद करून बाजूने टेबललॅम्प द्यायचा. किडीचं डोकं आणि शेपूट एकाच वेळी स्पष्ट येत नाही, तेव्हा फोकस थोडा थोडा सरकवत सात-आठ फोटो काढून संगणकावर जोडायचे. त्यासाठी पिकोले नावाची फुकट प्रणाली आहे. अट एकच, दरम्यान स्टँड हलता कामा नये. बघा, पुन्हा तिथेच आलो.

आता तुटलेल्या चिमट्याबद्दल. विक्रेत्याला फोटोसह कळवलं. उत्तर आलं, वॉरंटी ‘मुख्य उपकरणाला’ आहे, स्टँड ही ‘सोबतची भेटवस्तू’. म्हटलं, भेट म्हणून दिलेली वस्तू बिलात कशी आली? त्यावर दोन दिवस शांतता, मग पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देणारं कूपन. सुटा स्टँड मिळतो का विचारलं तर नाही म्हणे, नवा मायक्रोस्कोप घ्या, त्यात येतो!

शेवटी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून ब्युरेट स्टँड आणला. लोखंडी बैठक, पितळी स्क्रूचा क्लॅम्प, आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा. आता टेबलावर हात आपटला तरी मावा जागचा हलत नाही. विकत घेणार असाल तर ज्या खोक्यात स्टँडच नाही असा स्वस्तातला शोधा आणि उरलेल्या पैशांत ब्युरेट स्टँड घ्या. मी साडेतीन तारे देतेय. अर्धा त्या ‘भेटवस्तू’साठी कापलाय, आणि विक्रेत्याने चिमटा पाठवला तरी तो अर्धा तारा परत मिळणार नाही.