इंग्रजी व्याकरणाचं पेड ॲप, बरेच महिने वापरून: काळाचे धडे उत्तम, प्रीपोझिशनवर डोकं फिरतं

वर्षाचे पैसे एकदम भरले होते म्हणून टिकलो, नाहीतर ‘वीकेंड’च्या धड्यालाच ॲप काढून टाकलं असतं.

रोजचा सराव, रिकाम्या जागा, स्ट्रीक हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडतो. मी बेळगावात उद्यमबागला एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो. दिवसभर पार्ट्यांना इंग्रजीत मेल, त्यासाठीच हे घेतलं.

तर, ‘ॲट द वीकेंड’ लिहिलं की लाल फुली. म्हणे ‘ऑन द वीकेंड’ लिहा. अहो, ब्रिटिश इंग्रजीत ‘ॲट’च म्हणतात, ‘ऑन’ अमेरिकेकडचं! दोन्ही बरोबर धरायला काय जातं? कस्टमर केअरला डिक्शनरीच्या पानाचा फोटो पाठवला. ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं ठरावीक उत्तर आलं आणि तक्रार बंद. पैसे मोजून वर बरोबर उत्तराला मार्क कापून घ्यायचे, हे मला अजून पचलेलं नाही.

काळाचा भाग मात्र खरंच चांगला. ‘वी हॅव डिस्पॅच्ड द कास्टिंग्ज यस्टरडे’ असले मेल आमच्याकडे सर्रास जातात. ॲप तेच वाक्य ठेवतं आणि फक्त वेळेचा शब्द बदलत जातं. ‘यस्टरडे’ आला की साधा भूतकाळ, ‘हॅव’ बाद. ‘जस्ट’ आला की ‘हॅव’ परत. पुढे ‘बाय सॅटर्डे’ आणि ‘टिल सॅटर्डे’. ‘वी विल सेंड टिल सॅटर्डे’ वाचून पार्टी शनिवारपर्यंत रोज गाडीची वाट बघत बसेल, हे तिथे नीट कळतं. शनिवारी किंवा त्याआधी पोचवायचं तर ‘बाय’.

आधी मी रेटिंगमध्ये ‘मराठीत समजावणी नाही’ म्हणून एक स्टार कापला होता. तो परत देतोय. हिंदी समजावणी रटाळ वाटली म्हणून कन्नड लावून बघितली, आणि ‘सिन्स’-‘फॉर’चा घोळ तिथेच मिटला. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो तसंच ‘दोन वर्षांपासून’ म्हणतो. कन्नडातही ‘सोमवारदिंद’, ‘एरडु वर्षदिंद’, दोन्हीकडे एकच प्रत्यय. म्हणूनच ‘आय एम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ तोंडातून सहज जातं. सुरुवात कधी ते सांगायचं तर ‘सिन्स मंडे’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर टू इयर्स’, आणि क्रियापद दोन्हीकडे ‘हॅव बीन वर्किंग’. शेजारच्या टेबलावरचे कन्नड मित्रही हेच चुकतात, तेवढंच समाधान.

जाहिराती नाहीत. खानापूरच्या पुढे गावी गेलो की रेंज नसते आणि ऑफलाइन काहीच उघडत नाही, हे पेड ॲपला शोभत नाही.

काळाला चार, प्रीपोझिशनला दोन, एकूण तीन स्टार. नूतनीकरणाचा दर वाढवलाय, म्हणून ऑटोपे बंद केलाय. मुलीच्या पीयूसीसाठी (आमच्याकडची अकरावी-बारावी) सुट्टीत लागलं तर महिन्याचा प्लॅन घेईन, वर्षाचा नाही.